शेवटच्याने दार लावावं

१

आमच्याकडे, चेक देशात, लहान गावातला राजवाडा बघायला गेलं, की माहिती सांगणारी बाई पहिल्याच दालनात दोन गोष्टी बजावते. एक, बुटांवरून त्या जाड लोकरी सपाता चढवा, लाकडी जमिनीवर ओरखडे नकोत. दोन, प्रत्येक दालनातून जो शेवटी निघेल त्याने मागचं दार लावून घ्यावं. कुठल्या सरदाराने कुणाच्या पोरीशी लग्न केलं आणि आरसा कुठून आणवला, हे मी फाटकाबाहेर पडेपर्यंत विसरलेली असते. दार मात्र कधी उघडं राहत नाही, कारण शेवटी हमखास माझा नवरा असतो.

त्याचं नाव रादोवान. मी राद्या म्हणते. ब्रनोत ट्राम चालवण्यात त्याचा उभा जन्म गेला. आरशात बघायचं, शेवटचं माणूस चढलं की मग दार लावायचं. धावत येणाऱ्याच्या तोंडावर दार लावायचं नाही हा त्याचा धर्म, आणि त्यापायी वरिष्ठांच्या शिव्याही त्याने पुष्कळ खाल्ल्या. निवृत्त झाला तरी खोड गेली नाही. राजवाड्यात तो सगळ्यांना पुढे घालतो, मागे एक नजर टाकतो, दार ओढतो आणि कडी बसली की हलकेच म्हणतो, "झालं." मी चार पावलं पुढे असते. ते 'झालं' कानावर पडलं की पाय उचलते.

या वसंतात त्याच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. मध्येच ते थोडा वेळ बंद पडलं होतं, असं डॉक्टरांनी मला नंतर सांगितलं, दूध उतू गेलं होतं पण पुसून घेतलं अशा सुरात. मी शाळेच्या भटारखान्यात आयुष्य काढलेली बाई. रडणं-भेकणं मला जमत नाही. त्या दिवशी मी घरी येऊन सगळ्या पातेल्यांची बुडं घासून काढली. माझा नवरा मला परत मिळाला होता, आणि तो आता मी कुणालाही देणार नव्हते.

सप्टेंबरात जरा ऊन होतं तेव्हा मी म्हटलं, चल, थोडे दिवस फिरून येऊ. मोठी, नावाजलेली गावं नकोत. आडबाजूची गावं, छोटी आगगाडी, दुपारी जेवण, संध्याकाळी लवकर झोप. पहिलं गाव याव्होरोव. राजवाडा म्हणायचं आपलं, आमच्या शाळेची इमारत त्याहून मोठी असेल. आमच्या टोळक्यात एक आजीबाई, एक जर्मन जोडपं आणि आम्ही.

निळ्या दालनात एक चिनीमातीची भली मोठी शेगडी होती. राद्या माझ्या शेजारी उभा राहून म्हणाला, "व्लास्ता, यात तुझं बदक कसलं भाजलं गेलं असतं गं!"

तेवढ्यात आमच्या मागे दार लागलं. सावकाश, कडी नीट बसवून.

"धन्यवाद," माहिती सांगणारी म्हणाली आणि सरदाराच्या लग्नाकडे वळली.

मी बघितलं. आजीबाई पुढे, जर्मन पुढे, राद्याचा हात माझ्या कोपराला. आमच्या मागे नुसतं बंद दार होतं. वारा असेल, मी म्हटलं. जुन्या इमारतीत वारा कुठूनही येतो. पण वारा दार आपटतो, आणि मला त्या दालनात एकही उघडी खिडकी दिसली नाही.

२

चौकातल्या खाणावळीत आम्ही मलईच्या रश्शातलं गोमांस आणि डंपलिंग घेतलं. वेटरने विचारायच्या आत बियर आणून ठेवली. राद्याने ती संपवली आणि दुसरी यायच्या आत ग्लासावर पुठ्ठ्याची चकती ठेवली, आता बास म्हणून, डॉक्टरांचा हुकूम. चेहरा मात्र सासरी निघालेल्या मुलीचा.

"असं तोंड करू नकोस. एक मिळाली ना?"

"मिळाली. पण एका पायावर माणूस उभा राहतो का?"

"दुसऱ्या पायाला मी आहे."

तो हसला. मग डंपलिंगने रस्सा टिपत सहज म्हणाला, "ते मागचे गृहस्थ दमले असतील बिचारे."

"कोणते गृहस्थ?"

"अगं, राजवाड्यातले. आपल्या मागून येत होते ना. निळ्या दालनाआधी मी दार धरलं त्यांच्यासाठी. म्हटलं, या सावकाश. मग म्हटलं, लावतील ते."

"राद्या, मागे कोणी नव्हतं."

"तुला काय दिसणार, तू कायम पुढे. अंधार होता तिकडे. चेहरा काही दिसला नाही, पण सपातांचा आवाज येत होता. म्हातारा माणूस असावा. पाय ओढत चालत होता."

मी त्याच्याकडे निरखून बघितलं. ऑपरेशननंतर माणसं जरा भ्रमिष्ट होतात असं माझी बहीण सांगत होती. डोळे स्वच्छ होते. चेष्टाही नव्हती. मग मी स्वतःचीच समजूत घातली की तिकीट काढून उशिरा आलेला कोणी असेल, मधल्या एखाद्या दालनात बसून राहिला असेल. असतात अशी माणसं. तरी मनात पाल चुकचुकलीच, कारण दार लागलं ते मीही ऐकलं होतं.

"खा," मी म्हटलं. "गार होतंय."

३

दुसरं गाव थोडं पलीकडे, एका तळ्याच्या काठी. तिथे पेश्कोव्हाबाईंच्या घरी वरची खोली घेतली होती. पोचलो तेव्हा ऊन होतं, अंगणात सफरचंदं पडलेली, बाई दारातच उभ्या. चांगल्या जाड बाई, पिठाचे हात पदराला पुसावेत तसे ॲप्रनला पुसत.

"या, या! बूट इथे काढा. सपाता घाला, जमीन गार असते."

दाराशी त्यांनी सपातांचे जोड मांडून ठेवले होते. माझ्यासाठी लाल. राद्यासाठी चौकड्यांचे. आणि त्याच्या मागे, जरा अंतर ठेवून, आणखी एक करडा जोड.

"हे कोणाचे?"

"तुमच्याबरोबरच्यांचे." बाई माझ्या खांद्यावरून रस्त्याकडे बघत होत्या. "स्टेशनवरून येताना खिडकीतून बघितलं ना मी. तुम्ही दोघं आणि मागून एकजण. म्हटलं, भाऊ-बिऊ असेल. खोली दोघांचीच सांगितली होतीत, पण सोफा आहे."

"आम्ही दोघंच आहोत."

"अगं बाई. मग रस्त्याने जाणारा कोणी असेल." त्या हसल्या, करडा जोड उचलून फडताळात ठेवला. "डोळे गेले माझे. वरती केक ठेवलाय, खसखशीचा."

मी पुढे जिना चढले. राद्याच्या दोन्ही हातांत पिशव्या, मी दटावूनही त्याने त्या मला दिल्या नव्हत्या. आम्ही जिन्याच्या मध्यावर असताना खाली बाईंनी स्वयंपाकघरातून ओरडून विचारलं, "दार लावलंत का हो? मांजर बाहेर जातं!"

राद्या थांबला. अर्धा मागे वळला. मी बघितलं, अंगणाचं दार सताड उघडं होतं, बाहेरचं ऊन पायरीवर पडलं होतं. तो पिशव्या खाली ठेवायला वाकला. आणि त्या उन्हाचा पट्टा हळूहळू बारीक होत गेला. कडी बसली.

"झालं," कोणीतरी म्हणालं.

आवाज राद्याचा होता. पण राद्या माझ्यासमोर वाकलेला होता, तोंड मिटलेलं, पिशवीचे बंद हातात.

"थँक्यू!" खालून बाई म्हणाल्या.

राद्याने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता हा घाबरेल, मग मीही मोकळेपणाने घाबरेन. तो मात्र कौतुकाने म्हणाला, "शिकला की गं!"

४

केक मी खाल्ला नाही. खोलीत पलंग, कपाट, खिडकीबाहेर तळं. मी दाराला आतून खुर्ची लावली, आणि लावताना स्वतःलाच म्हटलं, व्लास्ता, या वयात काय हे. राद्या पलंगावर बसून मोजे काढत होता. त्याचा रंग राखेसारखा झाला होता. याव्होरोवलाही राजवाड्यातून बाहेर पडल्यावर तो असाच झाला होता, पण तेव्हा मी चालण्याचा दोष मानला.

मी त्याच्या शेजारी बसले. "राद्या, हे कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"लपवू नकोस. तुझं आणि त्याचं काय ते."

तो मोज्याची घडी करत राहिला. "हसशील तू."

"हसले तर हसले."

"दवाखान्यापासून. ऑपरेशन झाल्यावर मला बाहेर ढकलत आणत होते ना, तेव्हा मला स्पष्ट वाटलं की आत कोणीतरी राहिलंय. येतंय मागून, पण पोचत नाहीये. मी नर्सला म्हटलं, बाई, दार धरा जरा. ती हसली, म्हणाली, आजोबा अजून भुलीत आहेत. आणि दार लागलं आपलं. त्याच्या तोंडावर." तो घसा खाकरला. "माझ्या हातून असं कधी झालं नव्हतं, व्लास्ता. मला फार वाईट वाटलं. मग उन्हाळाभर मी दारं जरा उशिरा लावायचो. आता जवळ आलाय बऱ्यापैकी. गर्दी नसली की चटकन येतो. म्हणून तर या गावात बरं वाटतंय."

तो हे सगळं असं सांगत होता, जणू दूरच्या नातेवाइकाला स्टेशनवरून आणायचं आहे.

"आणि पोचला म्हणजे?"

"म्हणजे पोचला. बसेल निवांत."

"तुझा चेहरा बघ आरशात. तू त्याच्यासाठी थांबतोस आणि पांढराफटक पडतोस."

"थोडं थकायला होतं," तो कबूल झाला. "पण असं कसं लावणार दार? येतोय ना तो."

मला कळलं होतं कोण येतोय ते. दवाखान्यातून माणसाच्या मागे लागतं, पाय ओढत येतं, घाई नसते, आणि एक दिवस पोचतं, ते दुसरं काय असतं? माझी आई गेली तेव्हा तीही शेवटचे दिवस दाराकडे बघून हसायची. मी राद्याचं डोकं छातीशी धरलं. त्याच्या केसांना खाणावळीचा वास येत होता. हा भाबडा माणूस मरणासाठीसुद्धा दार धरून उभा राहिला असता, आणि वर "सावकाश या" म्हणाला असता. मला त्याचा इतका राग आला आणि इतकी माया आली, की दोन्हींतलं कुठलं जास्त होतं ते सांगता येणार नाही.

"उद्या राजवाडा बघू आणि घरी जाऊ," मी म्हटलं.

"अजून दोन गावं राहिलीत की."

"राहू देत."

खरं तर सरळ घरी जायला हवं होतं. पण घरी म्हणजे ब्रनोचा आमचा जिना, आमचं दार, आमचा पलंग. त्या मागच्याला तिथवर नेण्यापेक्षा इथेच कुठेतरी, एखाद्या परक्या दाराबाहेर, त्याला सोडून द्यायचं मी ठरवलं होतं.

५

राजवाडा तळ्याच्या पलीकडे होता. सकाळ संपत आलेली, ऊन स्वच्छ. आम्ही दोघंच प्रेक्षक. माहिती सांगणाऱ्या बाई उंच, सर्दी झालेल्या, हातात किल्ल्यांचा जुडगा. सपातांच्या खोक्यातून मी राद्याला मोठ्या सपाता काढून दिल्या, वाकून घालूनही दिल्या.

"शेवटच्याने दार लावून घ्यावं," बाई म्हणाल्या. "आणि मागे फिरायचं नाही, एका दिशेनेच जायचंय."

"आज शेवटची मी," मी राद्याला म्हटलं.

"ते माझं काम आहे."

"तुझं काम डॉक्टरांनी सांगितलंय. चालायचं आणि बायकोचं ऐकायचं. हो पुढे."

तो कुरकुरला, पण गेला. पहिल्या दालनाचं दार मी ओढलं, कडी बसवली. दुसऱ्याचं लावलं. काही नाही. बाईंच्या शिंका, आमच्या सपातांची सरसर, दुसरा आवाज नव्हता. मला माझंच हसू यायला लागलं. म्हटलं, चला, दोन म्हातारी माणसं, एक ऑपरेशन, एक अधू नजरेची घरमालकीण. घरी जाऊन बहिणीला सांगायला गोष्ट झाली.

मग ग्रंथालय आलं. लांबलचक दालन, दोन्ही बाजूंना कपाटं, पडदे ओढलेले, मधोमध उजेडाची एकच पट्टी. बाई आणि राद्या पुढच्या दालनात गेले. मी दाराची मूठ धरली, आणि ग्रंथालयाच्या त्या टोकाला, जिथून आम्ही आलो होतो तिथे, लाकडी जमिनीवर लोकर घासली.

मी मघाशी लावलेलं दार उघडं होतं की बंद, ते अंधारात दिसत नव्हतं. आवाज येत होता. एक पाय, मग दुसरा, ओढलेला. थांबला. मग पुन्हा. मग त्याला कळलं असावं की आज दाराशी दुसरंच कोणी आहे, कारण तो धावायला लागला. सपातांनी धावता येत नाही. घसरत, अडखळत, एखादा माणूस चुकत चाललेली गाडी गाठायला येतो तसा तो येत होता.

"व्लास्ता," पुढच्या दालनातून राद्या ओरडला, आणि त्याच्या आवाजात विनवणी होती. "थांब, येतोय कोणीतरी! दार धर गं!"

मी दोन्ही हातांनी दार ओढलं.

फट हातभर राहिली होती तेव्हा उजेडाच्या पट्टीत एक हात आला. नुसता हात, पंजा उघडलेला, वर उचललेला. स्टॉपवर उशिरा पोचलेली माणसं आरशात दिसावं म्हणून उचलतात तसा. करंगळीशेजारच्या बोटात अंगठी होती. पातळ झालेली, मध्ये खाच पडलेली. राद्याची अंगठी. बोट सुजलं म्हणून दवाखान्यात ती कापून काढली होती, तिचे दोन तुकडे घरी माझ्या शिवणाच्या डब्यात होते.

दार लागलं. माझे हात आधीच ओढत होते, ते थांबले नाहीत.

पलीकडून कोणी ठोठावलं नाही. ठोठावण्याचा स्वभावच नव्हता त्याचा. मी मूठ फिरवली, दार पुन्हा उघडलं, "राद्या," असं म्हटलं, तेही अंधारात तोंड करून. कपाटं, पडदे, उजेडाची पट्टी. पलीकडच्या टोकाचं दार बंद. धूळ खाली बसत होती.

"बाई," मागून सर्दीचा आवाज आला, "मागे जायचं नाही सांगितलं ना? लावून घ्या बघू."

मी लावून घेतलं. या वेळी सावकाश, कडी नीट बसवून. मागे वळले तर राद्या माझी वाट बघत उभा नव्हता. तो दालनाच्या पार पुढच्या दाराशी पोचला होता, आणि त्याचे गाल गुलाबी झाले होते.

"चल ना," तो म्हणाला. "किती वेळ लावतेस!"

६

राद्या ठणठणीत आहे. डॉक्टर म्हणाले, असं हृदय चाळिशीतल्या माणसाचं असतं. रात्री घोरतो, सकाळी बाजारात जाऊन येतो, माझ्याशी गोड वागतो. परवा त्याने स्वतः बदक भाजलं, थोडं करपलं, आम्ही दोघं पोट धरून हसलो. माझा नवरा माझ्याजवळ आहे. मला दुसरं काय हवं होतं?

ग्रंथालयातल्या त्या माणसाबद्दल तो कधी बोलला नाही. मी एकदा विचारलं. "कोण माणूस?" असं त्याने अगदी सरळपणे विचारलं.

काल आम्ही भाजी घेऊन आलो. आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये तो आधी शिरला, मी मागून. तळमजल्याचा दरवाजा उघडून शेबेस्टोव्हाबाई आत आल्या. तिसऱ्या मजल्यावर राहतात, एकट्या, कुबडी घेऊन चालतात. राद्याने वर्षानुवर्षं त्यांच्यासाठी लिफ्ट धरली आहे. त्या त्याला लाडाने आपला कंडक्टर म्हणतात.

"थांबा हो, आले मी!" त्या म्हणाल्या, आणि हात वर केला.

राद्याने त्यांच्याकडे बघितलं. त्याने ऐकलं, त्याला दिसलं, त्यात मला शंका नाही. मग त्याने अंगठ्याने बटण दाबलं. दार मध्यावर आलं तेव्हा बाई अजून हसत होत्या, त्यांना वाटत होतं की तो थट्टा करतोय.

लिफ्ट वर निघाली. राद्याने माझ्या हातातली जड पिशवी घेतली, माझ्या कपाळावर ओठ टेकवले आणि म्हणाला, "भूक लागली गं मला." त्याचे ओठ ऊबदार होते. मी त्याचा दंड घट्ट धरला आणि आमचा मजला येईपर्यंत सोडला नाही.